आजीच्या दरोडेखोर भावाची पत्रं

मी मूळची सोलापूरकडची, आमच्या गावापासून कोसभरावर आजीच्या काळी मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य, सुरू व्हायची, आणि माझ्या आजीचा सख्खा भाऊ भिवा, तो दरोडेखोर. हसू नका, खरंच सांगते. इकडे दरोडा घालायचा, हद्द ओलांडून मोगलाईत पळायचं, इकडचे पोलीस बसले हात चोळत. लोकांना लुबाडलं त्यानं, देवमाणूस होता असं मी नाही म्हणणार. पण बहिणीला पत्रं लिहायचा, काय सांगू तुम्हाला, पोराला खोकला झाला तर काढा कसला द्यायचा इथपर्यंत! ती पत्रं आता इथं न्युरेम्बर्गला माझ्या कपाटात आहेत.

इथं मी किटात, म्हणजे बालवाडीत, स्वयंपाक करते, जर्मन पोरं माझ्या हातची खिचडी मागून खातात, आल्झो, म्हणजे थोडक्यात, आपलं झकास चाललंय. तर आमच्या ऋचाचं जमत आलं, मुलगा गेर्लिंगेनला इंजिनियर, त्याचे आईवडील पुण्याहून आलेले, ते घरी येणार म्हटल्यावर आमचे हे म्हणाले, अगं, ती पत्रं काढू नकोस, पोरीचं लग्न मोडेल. ऋचा जर्मनमध्येच म्हणाली, आई, सांग तू. मग काय, सांगितलंच मी. उद्या दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा आपण सांगितलेलं बरं.

भाऊबिजेचं पत्रच वाचून दाखवलं. हा ओवाळून घ्यायला येणार हे पोलिसांना ठाऊक, म्हणून जमादार आजीच्या ओसरीवर ठाण मांडून बसलेला. मग आजीनं, भाऊ नसलेल्या बाया करतात तसं, अंगणात जाऊन बिजेच्या कोरीला ओवाळलं. त्यावर ह्याचं पत्र, अक्का, मी समोरच्या ज्वारीतच होतो, तुझं ओवाळणं मला पोचलं, पण पुन्हा चंद्राला ओवाळू नकोस, मी जिता आहे, माझा पाट मांडून ठेवत जा.

चहा तसाच ठेवून मुलाचे आईवडील उठून गेले. हे माझ्यावर चिडले, ऋचा खोलीत जाऊन बसली. पण पत्रं वाचली ह्याचं वाईट नाही वाटलं, गेनाऊ, अगदी खरं, ते नाहीच वाटलं.

आठवड्यानं त्या बाईंचा फोन. अहो, जमिनीच्या वाटणीवरून माझा भावाशी अबोला आहे, भाऊ असून मी दरवर्षी चंद्राला ओवाळते, काल मीच त्याला फोन केला, दोघंही नुसते रडलो. मी म्हटलं, अहो, बरं केलंत. तर म्हणाल्या, लग्नात मुलाच्या पाठीमागे मामा म्हणून तोच उभा राहणार आहे, तुम्ही तारीख काढा.

काढली की हो तारीख! सुखानं नांदू देत दोघं.