तोंडात आलेलं नाव

कडूबाई: सांग की तिला. मघापासून खुरपं हलवायलीस नुसतं, तोंड न्हाई. तुला काय सोयाबीन खुरपायलाच बोलावलंय व्हय? गावात बाया काय कमी हायत?

राजेश्री: मग कशाला बोलावलंय, काकी?

कडूबाई: हिला समजावायला. माझी लेक माझंच ऐकंना. म्हनलं, दोन वर्सामागं तूच त्या वाटंनं कॉलेजात जायचीस, मधूनच सोडून आलीस. तुझ्या तोंडून ऐकलं म्हंजे डोक्यात शिरंल तिच्या.

भक्ती: मला माहितीय काय झालं होतं ते. सगळ्या गावाला माहितीय.

कडूबाई: माहिती आसून पुन्ना कॉलेजाचं नाव घेतीस?

भक्ती: यादीत नाव लागलंय माझं, आई. पाथरीच्या कॉलेजात. उद्या पाचपर्यंत कागदं घेऊन गेले नाही तर जागा दुसऱ्याला जाणार.

कडूबाई: जाऊ दे की. दुसऱ्याची बी लेकरंच हायत.

भक्ती: एकोणनव्वद टक्के पडलेत मला.

कडूबाई: त्याचे पेढे वाटले न्हाईत का मी? राजेसरी, तुझ्या घरी आलते का न्हाई पेढे?

राजेश्री: आलते.

कडूबाई: हां. मग.

भक्ती: घरातच बसवायचं होतं तर पेढे वाटायचे कशाला?

राजेश्री: ए, आईला उलटं बोलू नको. अन् तुझ्या वाट्याची पात बघ जरा. सगळं लव्हाळ्याचं तण तसंच मागं ठेवून चाललीस पुढं.

भक्ती: तू नको मला खुरपायला शिकवू.

राजेश्री: मग काय शिकवू? मला दुसरं येतंय काय?

कडूबाई: भांडू नका. हे बघ भक्ते, मी काय शिक्षणाच्या आड हाय का? गाडीचा पास फुकट हाय पोरींला, खर्चाचं तर मी नाव बी काढलं न्हाई. तू गेल्यावर दोनी म्हशी माझ्याच गळ्यात, ते बी चालतंय. घंटाभर आधी उठीन. पर शिकून व्हतंय काय, ते सांग. विष्णुपंत गुर्जीची उत्तरा. बी.ए. झाली, बी.एड. झाली. आज काय करायलीय?

भक्ती: लोणचं.

कडूबाई: लोनचं. मी शाळंची पायरी चढले न्हाई, मी बी लोनचंच घालते.

भक्ती: तिच्या सासरच्यांनी हक्क सोडल्याचा कागद पुढं केला होता, आठवतं का? सही कर म्हणाले. तिनं सगळा वाचला अन् परत दिला. तू असतीस तर अंगठा लावून वरून चहा पाजला असतास त्यांना.

कडूबाई: वाचला म्हनूनच तर माहेरी येऊन बसली ती.

राजेश्री: हे बाकी खरं बोलल्या काकी.

भक्ती: हसतीस काय, ताई?

राजेश्री: हसायले न्हाई. खरं सांगू का तुला? काय बी ठेवलं न्हाई त्या कॉलेजात. गावातल्या शाळंत आपून हुशार असतोय. तिथं गेलं की पयल्याच दिवशी कळतं, आपून ढ हाय. मॅडम इंग्रजीत बोलतात, समोरच्या पोरी माना हलवतात, मग आपून बी हलवायची. सा महिने मान हलवली मी. खुरप्याला इंग्रजी लागत न्हाई, लय बरं असतं.

भक्ती: मी विचारीन. कळलं नाही तर हात वर करून विचारीन.

राजेश्री: इचारशील. मग सगळा वर्ग वळून बघंल तुझ्याकडं.

भक्ती: बघू दे. मला काय व्हायचंय ते बी अजून माहीत नाही. पण ते ह्या बांधावर बसून कळणार नाही एवढं माहितीय.

कडूबाई: बघ, कशी बोलायलीय. आगं राजेसरी, इंग्रजीचं न्हाई म्हनले मी तुला. फाट्यावरचं सांग.

राजेश्री: काय सांगू त्यात?

कडूबाई: मीच सांगते मग. भक्ते, हिनं घरी येऊन रडत सांगितलं का न्हाई, की फाट्यावरला पंक्चरवाला परमेश्वर तरास देतोय म्हनून? तोंडानं गरीब गाय त्यो, अन् धंदे असले. मग सगळं गाव गेलं का न्हाई तिथं? बाप्ये बोलतच बसले, इज्जत, पंचायत, आमकं तमकं. मी म्हनलं बोलत काय बसलाव. पयला दगुड मी टाकला त्याच्या टपरीवर. पत्रा असा वाजला की बाप्ये बी गप झाले. मग समद्यांनी मिळून उठवली ती टपरी. आपल्या लेकीबाळींसाठी केलं, अभिमान वाटतो मला त्याचा.

भक्ती: अन् तेव्हापासून गावातली एक बी मुलगी त्या फाट्यावर उभी राहिली नाही.

कडूबाई: न्हाई राह्यली. अन् माझी बी राहनार न्हाई. एक परमेश्वर गेला, दुसरा येतोय. कळशी रिकामी झाली वाटतं. थांबा, पानी आनते. तवर सांग हिला, राजेसरी. माझ्या म्होरं लाजायलीस तू.

(कडूबाई कळशी घेऊन बांधापलीकडच्या बोअरकडं जाते.)

भक्ती: ताई.

राजेश्री: खुरप गपचिप.

भक्ती: काय म्हणायचा गं तो तुला?

राजेश्री: कोन?

भक्ती: परमेश्वर. मी आठवीत असताना आई तापानं फणफणली होती. मी अन् ती फाट्यावर उभ्या होतो. सोनपेठची गाडी आली, मी हात केला, ड्रायव्हरनं बघितलं बी नाही. तर ह्यानं हातातलं टायर तसंच टाकलं अन् रस्त्याच्या मधे जाऊन उभा राहिला. गाडी थांबवली. आईला हाताला धरून वर चढवलं. आई आता विसरली ते. म्हणून विचारायले. तुला काय म्हणायचा?

राजेश्री: तुला काय करायचंय?

भक्ती: माझं हातचं कॉलेज चाललंय त्याच्यापायी. मला कळू दे तरी.

राजेश्री: काय म्हनायचा न्हाई.

भक्ती: म्हणजे?

राजेश्री: म्हंजे काय म्हनायचा न्हाई. कानात बोळे घातलेत का? सकाळी गाडीला हात करायचा. आमी चढलो की पुन्ना जाऊन टायर घासत बसायचा. मान बी वर न्हाई करायचा.

भक्ती: मग तू...

राजेश्री: चाचणी झाली व्हती. फिजिक्सची. मला पंचवीसपैकी दोन पडले. मॅडमनी माझा पेपर सगळ्या वर्गाला वाचून दाखवला. मी लिहिलेलं. एक एक ओळ. सगळे हसायले. मॅडम म्हनल्या, उद्या वडलांना घेऊन ये. माझं डोस्कं फिरलं. वही त्यांच्या टेबलावर फेकली अन् निघाले. पुन्ना ये म्हनल्या असत्या तरी गेले नसते.

भक्ती: अन् परमेश्वर कुठं आला त्यात?

राजेश्री: बाराच्या गाडीनं फाट्यावर उतरले. त्यानं बघितलं. रोज संध्याकाळी येते, आज दुपारीच. म्हनला, आज लौकर आलीस, बरं वाटंना का? पानी देऊ का? मी तशीच चालत सुटले. घरी आले तर बाबा वट्ट्यावरच बसलेले. का आलीस? मी रडायले. पुन्ना इचारलं, कुनी काय केलं का? मी मान हलवली. सवयच झालती मान हलवायची. कोन, म्हनले. तर तेच नाव तोंडात आलं. त्यानंच शेवटचं बोललं व्हतं ना माझ्याशी.

भक्ती: मग नंतर सांगायचं होतं.

राजेश्री: कवा? दुसऱ्या दिवशी सकाळी टपरी उठली बी व्हती.

भक्ती: दोन वर्षं झाली, ताई. वैष्णवी बारावीत होती. परीक्षा तोंडावर आली होती तिची. तिला घरी बसवलं. मंजुषाला बसवलं.

राजेश्री: मला सांगतीस? वैष्णवीच्या लग्नात पंगतीला भात मी वाढला. जाताना गळ्यात पडली माझ्या. म्हनली, राजे, तू बोललीस म्हनून आमी वाचलो. तिच्या हळदीचा हात माझ्या पाठीवर उमटला. ती वढनी आजून धुतली न्हाई मी. ट्रंकेत हाय.

भक्ती: आईला नको सांगू.

राजेश्री: काय?

भक्ती: हे. नको सांगू कुणालाच. तुझ्या बाबाला कळलं तर महिन्याभरात लग्न लावून देतील तुझं, मिळंल त्याच्याशी. माझं बघू पुढच्या वर्षी. बाहेरून फॉर्म भरीन.

राजेश्री: अन् उद्याची जागा?

भक्ती: जाऊ दे. दुसऱ्याची बी लेकरंच आहेत.

राजेश्री: तू लय शानी झालीस का गं? मला माफ करायलीस? मी मागितली का माफी तुझ्याकडं? एकोणनव्वद टक्के पडले म्हनून माझ्यावर उपकार करनार व्हय? मला नको तुझा उपकार. एका वैष्णवीचाच फिटंना मला.

भक्ती: हळू बोल. आई आली.

राजेश्री: येऊ दे. काकी, इकडं या. कळशी ठेवा खाली.

कडूबाई: काय झालं? लांबून आवाज यायलाय दोघींचा.

राजेश्री: परमेश्वरनं काय केलं न्हवतं.

कडूबाई: काय?

राजेश्री: मला त्यानं कवाच काय केलं न्हवतं. नाव मी असंच घेतलं.

कडूबाई: कुनी भेव दाखवलं का तुला? त्याच्या घरच्यांनी? खरं सांग, मी हाय.

राजेश्री: कुनी न्हाई दाखवलं. मी चाचणीत नापास झाले, मॅडम बोलल्या, मी वही फेकून आले. ते घरी सांगायची लाज वाटली. त्यापरीस हे सांगायला सोपं गेलं. नापास झालं की पोरगी वाईट असती. तरास दिला म्हनलं की दुसरं कोन तरी वाईट असतंय.

कडूबाई: भक्ते, तुला माहिती व्हतं हे?

भक्ती: आत्ता कळलं.

राजेश्री: मारायचं तर मारा, काकी. पर हिची जागा उद्या पाचपर्यंतच हाय.

कडूबाई: गप बस जरा.

राजेश्री: बाबाला बी मीच सांगते आज.

कडूबाई: गप बस म्हनले ना.

भक्ती: आई, पाणी घे.

कडूबाई: नको. आगं, तानुबाई. त्याची माय. बाजारात दिसली की वाट बदलती. मी समोरून आले की ती दुसऱ्या गल्लीनं जाती. मी चारचौघीत म्हनायची, बघा, लेकाच्या करनीची शरम वाटती तिला. दोन वर्सं म्हनत आले मी हे. लोक माना हलवायचे.

राजेश्री: परमेश्वर सोनपेठात दुसऱ्याच्या दुकानात काम करतोय, म्हनतात.

कडूबाई: इचारलंस तू?

राजेश्री: दोनदा गेले व्हते तिथवर. रस्त्याच्या अलीकडून बघितलं. पलीकडं न्हाई जाता आलं.

कडूबाई: अन् तापात मला गाडीत चढवनारं पोरगं. त्योच व्हता न्हाई का गं, भक्ते?

भक्ती: तोच.

कडूबाई: हां. मला वाटलं व्हतं एकदा. त्याच येळंला, दगुड हातात व्हता तवाच. पर हातात दगुड असल्यावर तसं वाटलेलं टिकत न्हाई. तुझी कागदं कुठं हायत?

भक्ती: तुझ्या पेटीत. लुगड्याखाली.

कडूबाई: काढून ठेव. उद्या सकाळी निघू.

भक्ती: आई...

कडूबाई: आनंद करू नको इतक्यात. मला आजून हे पचंना. तिघी निघू. आधी तानुबाईच्या घरी. मग फाटा.

राजेश्री: मी काय बोलू तिथं, काकी?

कडूबाई: तुझं तू बघ. दगडाचं मी बोलते.

भक्ती: अन् ती दारच उघडणार नसली तर?

कडूबाई: तर बाहेरून बोलते. गल्लीनं ऐकावं. त्या दिवशी बी गल्लीनंच ऐकलं व्हतं.

भक्ती: फाट्यावर गाडी थांबत नाही आता. परवा मी बांधावरून बघितली, नुसती धुरळा उडवीत गेली.

कडूबाई: कशी थांबंल? हात करायला कोन हाय तिथं? पोरगी एकटी उभी राह्यली की डायवर तिकडं बघत बी न्हाई.

राजेश्री: मी उभी राहते.

कडूबाई: कुठं?

राजेश्री: रस्त्याच्या मधी. त्यो राहायचा तसं. ही चढली की मी येते तुमच्या कामाला. तेवढ्या येळंची मजुरी कापा माझी.

कडूबाई: उद्याचं न्हाई म्हनत मी. रोज जायचंय हिला.

राजेश्री: रोजच म्हनायले मी बी.

कडूबाई: बारावी व्हायला दोन वर्सं लागत्यात.

राजेश्री: माहिती हाय मला किती लागत्यात.

कडूबाई: डोस्कं फिरलं तुझं एखाद्या दिवशी, तर?

राजेश्री: फिरू दे. फिरलं तरी येते.

कडूबाई: हं. दिस कलला. भक्ते, तू घरी जा, कागदं नीट लाव.

भक्ती: माझी पात अर्धी राहिलीय, आई.

राजेश्री: जा तू. तुझी मी काढते.