सर्व वजने कच्ची

– आणि कितीही वाजवलंत तरी ते दार उघडणार नाही, सर, सांगतेय ना, ती लाँड्रीत आहे, दोनला सुटते, दोन वाजून दहा मिनिटांनी जिना चढते. आत या. हो, मी समोरचीच. तुमची पैलवान जिच्या हातचा डबा खाते ती काकू – सख्खी नाही, डब्यापुरती. तुम्ही तिचे व्यायामशाळेतले सर, ते मी दाराच्या भिंगातूनच ओळखलं. एवढे खांदे घेऊन या जिन्यात दुसरं कोण येणार, आमच्या ह्यांचे खांदे तर शर्ट हँगरवरून काढला की संपतात. बसा. ती खुर्ची नको, करकरते, तुम्ही बसलात तर बोलेलच ती. ही घ्या. आणि तो हातातला कागद – तुमच्या स्पर्धेच्या संघातून तिचं नाव काढून टाकायचा ना? कसं कळलं म्हणजे, ती फोनवर बोलत होती, खिडकी उघडी होती, आणि मी काही कानात बोळे घालून भांडी घासत नाही.

सही घ्यायला आलात. तुमचंही बरोबर आहे, चार महिन्यांत पाच किलो वाढायची होती आणि उलट दीड किलो उतरली, मग तुम्ही काय पाठ थोपटणार. पण सही घेऊ नका, सर. आधी माझं ऐका. वीस मिनिटं आहेत आपल्याकडे – नाही, अठराच. तुम्हाला वाटतं ती खात नाही. सोमवारी सगळ्यांसमोर म्हणालात ना तिला, खोटारडी, पोटावरच्या रेघा जातील म्हणून डबे टाकून देतेस आणि मला सांगतेस खाल्लं? घरी आली आणि इथेच बसली, तुम्ही बसलात तिथेच. रडली नाही. म्हणाली, काकू, मी एक शीत तरी टाकलं का कधी? आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, दूध तापवते.

ती टाकत नाही, सर. डबा असा परत येतो की घासताना मलाच लाज वाटते. तुम्ही तिला सांगितलं होतं, स्पर्धा संपल्या, आता ऑफ-सीझन, आता खायचं, अंग आत्ताच भरतं, नंतर नाही. मला मेलीला वाटलं होतं ऑफ म्हणजे सुट्टी, पोटालाही सुट्टी – किती हसली होती. आठ-आठ तास उभी राहून चादरींना इस्त्री करते, मग तुमच्याकडे लोखंड उचलते, सहा वेळचं खाणं कधी शिजवणार? मीच म्हटलं, मी करते. कोणी सांगितलं नव्हतं मला. मलाच हौस. काटासुद्धा मीच आणला.

आता हा कागद बघा, फ्रीजवरचा. तुमचंच अक्षर ना? ओट्स ऐंशी ग्रॅम. भात दीडशे, दोनदा. राजमा नव्वद. कोंबडी दोनशे. मी सगळं तसंच दिलं, ग्रॅमला ग्रॅम. भात शिजला की वाडग्यात घ्यायचा, काट्यावर ठेवायचा, आकडा एकशे बावन्न दाखवला तर चमच्याच्या टोकाने दोन ग्रॅम काढायचे. हसू नका. हसत नाही आहात – बरं. मग खाली बघा. खाली काय लिहिलंय तुम्ही? सर्व वजने कच्ची.

मला वाटलं, कच्ची म्हणजे कच्चीच. कच्चा मसुदा असतो, कच्चा आराखडा असतो, तशी कच्ची. अंदाजाने लिहिलेली, अजून पक्की न केलेली. म्हटलं, सर मोठे माणूस, शंभर जणांचे कागद लिहीत असतील, आपण एकीचंच करतोय तर आपण पक्कं करू. तांदूळ शिजला की तिप्पट होतो हे मला कळत नाही असं नाही, तीस वर्षं तेच करतेय, पण कागदावर तांदूळ कच्चा तोलायचाय हे – आता काय सांगू. ऐंशी ग्रॅम ओट्स मी शिजवून तोलले, सर. दुधात. किती झाले असतील? वाडग्याचा तळ झाकला जाईल इतके. मला वाटायचंही, एवढ्याशा घासावर एवढी धिप्पाड मुलगी चालते कशी, मग म्हणायचे, असेल काही शास्त्र. कोंबडी तेवढी पोटभर गेली, ती आटते ना, म्हणजे तिथे दोन घास जास्तच. बाकी सगळं तिसरा हिस्सा.

भूक लागते म्हणायची. सांगायची मला – काकू, इस्त्रीसमोर डोळ्यांपुढे अंधारी येते. मी म्हणायचे, कागदावर आहे तेच. एकदा त्या टोपलीतल्या केळ्याला हात लावला तिने, तर मी – मी हातावर चापट मारली, सर, गमतीने, पण मारली. म्हटलं, सरांच्या कागदावर केळं आहे का? तिने ठेवलं परत.

बुधवारी कळलं मला. आमचे हे, जे कधी तोंड उघडत नाहीत, ते फ्रीजमधून पाणी घेताना उभ्या उभ्या हा कागद वाचायला लागले – कच्चं तोलून मग शिजवायचं, म्हणाले, बापरे, एवढं तर बैल खाईल. मी डाव ठेवला आणि कागद पुन्हा वाचला. त्या दिवसापासून मी भात वाढवला, खरंच वाढवला, पण तिच्याकडे तिचा वेगळा काटा, माझं बघून तीही शिजलेलंच तोलायची, आणि जास्तीचा भात वाटीत काढून परत आणून द्यायची – काकू, आज तुमचं वजन चुकलं. आठ दिवस चुकलं. मग मी पुन्हा होतं तेवढंच देऊ लागले. मग सोमवारी तुम्ही तिला ते सगळ्यांसमोर –

हो. सोमवारच्या आधी. तुम्ही मोजताय ते कळतंय मला. हा बुधवार नाही, गेलाही नाही, त्याच्या आधीचा. तुम्ही तिला खोटारडी म्हणालात तेव्हा मला बारा दिवस माहीत होतं. आणि ती इथे बसून विचारत होती आणि मी दूध तापवत होते.

का नाही सांगितलं? काय सांगू का ते. माझी मुलगी परगावी असते, आली की म्हणते आई, तू राहू दे, आपण बाहेरून मागवू. हे खातात ते पेपरात बघून, ताटात काय आहे विचाराल तर सांगता यायचं नाही. आणि ही मुलगी व्यायामशाळेत सांगत फिरते, आमच्या काकू म्हणजे सोनाराचा काटा. तुम्हीही ऐकलं असेल. सोनाराचा काटा. तिला सांगायचं कसं की बाई, तुला चार महिने मीच उपाशी ठेवलं? ती दुसरीकडून डबा लावेल. काही बोलणार नाही, वाईटही बोलणार नाही, नुसतं दुसरीकडून लावेल.

म्हणून म्हणते सर, एक करा ना. तुम्ही सांगा की तुमचाच कागद चुकला. घाईत लिहिलं, म्हणा, गोंधळ झाला. तुमचं काय जातंय, तुम्हाला ती देव मानते, एका चुकीने देवाचं काही – असं बघू नका माझ्याकडे. सर. बरं, नका सांगू. तेही नका. पण नाव काढू नका. तिच्या अंगात कमी नाही काही, तिच्या ताटात कमी होतं. तीन हिस्से घालते आता, कच्चे, तुमच्या डोळ्यांसमोर तोलते, तांदूळ कुठला तुम्ही सांगाल तो. किती वेळ देता? सहा आठवडे? सहाच म्हणालात ना? तो कागद फाडा म्हणत नाही मी – घडी घाला, घडीही चालेल. खिशात. वरच्या नाही, आतल्या.

आली. ती खालच्या पायरीवरच दम घेते हल्ली, आधी घ्यायची नाही. उठा सर. पाणी राहिलं तुमचं, राहू दे. जिन्यात भेटली तर सहा आठवडे तेवढे सांगा, दुसरं काही बोलू नका, ते मी बोलते. नाही, थांबू नका इथे. तुम्ही समोर असलात तर मी पुन्हा तुमच्यावरच ढकलीन. जा.