नळीवरची रेघ

हिंगोलीत रक्त तपासणीच्या लॅबबाहेर वैष्णवी नंबराची वाट बघत बसली होती. शेजारी पुसेगावच्या पार्वतीबाई तान्हा नातू मांडीवर घेऊन पलीकडच्या बाईशी बोलत होत्या.

"दुसऱ्यांदा रगत काढलं काहून, मावशी?"

"पहिल्या रिपोर्टात आलं, पोराचं रगत गोठाया लई टाइम लागतो. मी सुनेला म्हणलं, हे तुझ्या माहेरचं. आमच्यात असलं पातळ रगत कुणाचं न्हाई."

"अगं बाई!"

"तवापासून बोलंना. तिचा बाप तिला न्यायाला येऊन राहिला आज."

"अन् डॉक्टर?"

"म्हणले, तान्ह्या लेकराचं रगत मोठ्या माणसापरीस सावकाशच गोठतं, त्याचं माप निराळं. पर हे त्या मापातबी बसंना. नळीत रगत न गोठायचं औषध आधीच असतंय. रगत रेघेपर्यंत भरलं न्हाई, तर औषध जास्ती होतं अन् रिपोर्ट चुकतो."

"भरलं नव्हतं व्हय?"

"कसं भरंल? लेकरू रडून रडून काळंनिळं झालं. मीच रगत काढणाऱ्या पोरीचा हात धरला. म्हणलं बास कर, एवढुशा जिवाचं किती रगत काढतीस!"

तेवढ्यात आतला मुलगा रिपोर्ट घेऊन बाहेर आला.

"आजी, बराबर आहे सगळं. लेकराच्या मापात."

पार्वतीबाईंनी रिपोर्ट पिशवीत घातला आणि मोबाइल वैष्णवीपुढे धरला.

"बाई, आमच्या व्याह्याला फोन लावून दे. बसमधी बसायच्या आत सांग, येऊ नका म्हणावं. मशीन बिघडलं होतं."