ढोलावरची गोधडी

—अन् तो दुसरा माइक उचला तथून! ढोलासमोर काऊन ठेवला? साहेब, तुमची कंपनी मुंबईहून खामगावले आली ते या हिंमतराव मास्तरचा क्लॅरनेट तबकडीवर घ्याले, का माह्या साळ्याची धपाधप घ्याले? — हाव, साळाच हाय तो माहा, इंद्रभान. बायकोचा भाऊ म्हणून ढोल देला गळ्यात, नाही तं याले बँडात कोण उभं करते? — काय म्हणता? चामड्याच्या मधोमध नाही, काठाकडे, वीतभर लांब, तिरपा? तिरपा ठेवा नाही तं उलटा ठेवा, मले काय करायचं! त्याचा ठोका पडला का तुमच्या मशीनीचा काटा नाचते अन् माहा सूर जाते मसणात. तो माइकही माह्याकडे आणा. इंद्रभान! काय पाहून राह्यला बे? सरक मांगं, त्या रुईच्या गाठींपाशी, दाराजवळ. अन् ढोलावर गोधडी टाक. — टाक म्हणतो ना! — काही नाही हो साहेब, आमच्यात ढोल झाकत नाही, घरात सुतक असलं तरच झाकते, म्हणून तोंड पाडलं त्यानं. तुम्ही नका लक्ष देऊ. चला, घ्या.

— झालं? लावा मंग ती कच्ची तबकडी, ऐकू द्या. — हां! पाहा कसा मोकळा सूर, ढोलाचा तरास नाही काही — थांबा. हे फसफस कायची हाय? सुई खराब हाय तुमची. पुन्हा लावा. — छातीची? कोणाच्या छातीची? जबान सांभाळा साहेब! लहानपणापासून या जिनात सरकी काढता काढता कापसाची धूळ खाल्ली म्या, थोडी धाप लागणारच. पण आख्ख्या सी.पी.-वऱ्हाडात फिरा, लग्नात, वरातीत, कोणी नाव ठेवलं काय कधी? कोणाले ऐकूच येत नाही — ढोलाचा दणका पडला का त्याच्यात श्वास घेतो ना मी! — असे पाहू नका माह्याकडे. — नाही, म्या नाही सांगितलं त्याले. सांगायचं काय, त्याले दिसते. श्वासासाठी माही मान हालली का ठोका टाकते तो, ताल मोडून टाकते. लोकं म्हणते इंद्रभानले ताल समजत नाही. मीही म्हणतो. चारचौघात, त्याच्या तोंडावर म्हणतो. अन् तो गाढव हासते नुसता, कधी एका शब्दानं...

बरं, जाऊ द्या! ठेवा तुमचा माइक ढोलासमोर, काठाकडे, तिरपा, जसा तुमच्या मनात हाय तसा. माह्यापासचा मांगं घ्या. लय मांगं घ्या. इंद्रभान, काढ बे ते गोधडी, ये इकडे. — इंद्रभान! — ऐकू नाही येत काय रे? — कवा गेला? तबकडी वाजत होती तवा? अन् तुम्ही त्याले जाताना पाह्यलं, तरी मले सांगितलं नाही? — गोधडी घडी करून ठेवली त्यानं. ढोल नेला.

— एकट्यानं वाजवू? नाही... मले नाही जमणार एकट्यानं. — तो तबकडी सुरू झाल्याचा लाल दिवा काऊन लावला? विझवा. विझवा म्हणतो ना! अन् उचला ते माइक, दोन्ही उचला, अन् निघा इथून.