थांबू नका, असं सुजातानंच सांगितलं

भंतेजी, कांतावहिनी, बळीरामभाऊ, ताडकळसची सगळी मंडळी, आणि परभणीहून, पूर्णेहून कामधंदा सोडून आलेले तुम्ही सगळे,

मला माइकची भीती नाही. परभणीच्या बसस्थानकावर मी कंट्रोलर होतो, सगळी नोकरी माइकवर गेली. पण तिथं काय बोलायचं ते ठरलेलं असतं. गाडी कुठली, फलाट कितवा, सुटायची वेळ काय. इथं काही ठरलेलं नाही, आणि समोर दादाराव खिल्लारेंचा फोटो हार घालून ठेवलाय. त्यामुळं बोलण्यात मागचं पुढं होईल. सांभाळून घ्या.

दादारावांना तुम्ही सगळे ओळखता. परभणीच्या स्टँडसमोर त्यांचं दुकान. आधी एसटीडीचा बूथ होता. मोबाईल आले अन् बूथ बसला. मग रेल्वेचे फॉर्म भरून द्यायचे. तेवढ्यात खासगी विमानांच्या कंपन्या निघायला लागल्या, एकीमागून एक. ह्यांनी कुठून तरी एक जुना कॉम्प्युटर आणला, अन् दारावर पाटी लावली, विमानाची तिकिटं मिळतील म्हणून. मी रस्ता ओलांडून गेलो. म्हणलं, "दादाराव, परभणीत विमान उतरत न्हाई, हे तुमाला कुणी सांगितलं न्हाई का?"

ते म्हणले, "कंट्रोलर, विमान उतरत न्हाई, पण माणसं तर हायत की."

खरं निघालं. पहिल्यांदा कोण आलं? मोंढ्यातला एक व्यापारी आला, तो डॉक्टरला दाखवायला मुंबईला चालला होता. मग फौजेतले जवान आले. मग इंजिनिअर झालेली पोरं आली, बंगळूरला, पुण्याला नोकरीला लागलेली. मग आखातात कामाला जाणारे आले. मग त्या पोरांच्या आया आल्या. नऊवारी नेसलेल्या, पिशवीत लोणच्याची बरणी. दादाराव त्यांना समजावून सांगायचे, की मावशी, बरणी हातात धरून आत घेऊ देत न्हाईत, ती मोठ्या बॅगेत टाका. मावशी म्हणायची, फुटली म्हंजे? हे म्हणायचे, फुटली तर कपडे धुता येतील, पण दारात पोलिसानं काढून घेतली तर लेकराला काय देताव?

भिंतीवर कंपन्यांचे पोस्टर असायचे. एक कंपनी बुडाली की तिचं पोस्टर काढायचं अन् तिथं दुसरीचं लावायचं. नांदेडचं विमान कधी चालू, कधी बंद. मी लय चिडवायचो. म्हणायचो, "आमची एसटी तोट्यात असली तरी ताडकळसला येते. तुमच्या कंपनीला फायदा दिसला न्हाई की ती विमानच उचलून घेऊन जाते." ते हसायचे. म्हणायचे, "खरंय. पण कंट्रोलर, माझा बाप मुंबईला गिरणीत होता. त्याला घरी यायला एक रात्र, एक दिवस लागायचा, ते बी उभं राहून. ह्या पोरांना जागेवर बसून येऊ द्या की. तिथं पैसे घेतले की जागेचा नंबर देतात. तू कुठल्या वस्तीतला, असं कुणी विचारत न्हाई."

 

मंडळी, आता मी ज्या गोष्टीसाठी उभा राहिलो ती सांगतो.

दादारावांच्या दुकानात घाईची तिकिटं कशासाठी निघायची? लग्नासाठी माणूस आधी ठरवून तिकीट काढतो. आत्ता, ह्या घडीला पाहिजे, असं तिकीट बहुतेक वेळा मयताचं असायचं. कुणाची आई गेली, पोरगा दिल्लीला. भाऊबंद दुकानात यायचे, दम लागलेला. कितीबी लागू द्या, तिकीट काढा. आमी थांबतो, मयत झाकून ठेवतो, तो येतोच.

आपल्या लोकांच्या मनात विमान म्हणजे डोळे मिटले की हजर. पण विमान हैदराबादला उतरतं, नाहीतर संभाजीनगरला. तिथून ताडकळस किती? रस्ता कसा? मधे जिंतूरला अडकलं तर? विमान दोन तासात येतं अन् पुढं जीपमधे अर्धा दिवस जातो. इकडं ऊन तापलेलं, बाया रडून रडून बेजार, म्हातारी माणसं उपाशी बसलेली. आणि तो पोरगा जीपमधे, मोबाईल हातात, निघालो निघालो म्हणतोय.

दादाराव काय करायचे? तिकीट काढायच्या आधी त्या पोराला फोन लावायचे. स्वतः. भाऊबंदांना लावू द्यायचे न्हाईत. त्याला सगळं सरळ सांगायचे. अमुक वेळेला तू पोचशील, तेही सगळं नीट झालं तर. मग विचारायचे, "बाबा, थांबायचं का न्हाई, ते तू सांग. तू लांब हायस, तूच ठरव."

मी एकदा म्हणलं, अहो, इतक्या दुःखात त्या लेकराला कशाला विचारता? घरची मोठी माणसं ठरवतील ना. तर दादाराव म्हणले, "मोठ्यांनी ठरवलं तर तो जन्मभर म्हणंल, माझ्यासाठी कुणी थांबलं न्हाई. त्यानं स्वतः ठरवलं तर रडंल, पण त्याच्या मनात अढी राहणार न्हाई." मग एक घोट चहा घेऊन म्हणले, "अन् त्यानं थांबू नका म्हणलं तर गावानं त्याला बोल लावायचा न्हाई. हे माझ्या हातात न्हाई. पण लावायचा न्हाई."

ही पद्धत त्यांची स्वतःची. त्याच दुकानात त्यांची सुजाता शाळेतून येऊन बसायची. गल्ल्याच्या मागं स्टुलावर अभ्यास करायची. असे किती फोन तिनं ऐकले असतील. पुढं ती विमानाच्या कंपनीतच लागली, बंगळूरच्या विमानतळावर, काउंटरवर. दादारावांनी तेव्हा अख्ख्या स्टँडवर पेढे वाटले. आमच्या हमालांनासुद्धा.

आता त्या दिवसाचं.

सकाळी दादाराव इथं घरी चहा पिता पिता कोसळले. कांतावहिनींनी मला फोन केला. मी परभणीहून निघालो, पोचेपर्यंत सगळं संपलेलं होतं. अंगणात माणसं जमायला लागली. बळीरामभाऊ, तुम्ही थोरले भाऊ. तुम्ही म्हणलात, बर्फाची पेटी आणू, सुजाता येईपर्यंत ठेवू, उद्या माती करू. तुम्ही बरोबर होतात. कुणीही असंच म्हणलं असतं.

मी वहिनींना विचारून सुजाताला फोन लावला. दादाराव जसं विचारायचे तसंच विचारलं. म्हणलं, पोरी, थांबायचं का न्हाई, तू सांग.

तुम्हाला आठवत असेल, त्याच दिवशी विमानं बंद पडली होती. तिच्याच कंपनीची, एकामागून एक रद्द. का रद्द झाली, कुणाचं चुकलं, त्यात मी पडत नाही. आम्ही टीव्हीवर बघितलं, माणसं काउंटरवर हात आपटायलीत. त्या काउंटरच्या पलीकडं आपली सुजाता उभी होती.

फोनवर मागं नुसता आरडाओरडा.  ती म्हणली, आणि तिचे शब्द मी जसेच्या तसे सांगतो. "काका, पहाटेपासून मी लोकांना वेळ सांगायलेय अन् ती खोटी ठरायलीय. चार वेळा सांगितली, चारी वेळा खोटी. घरच्यांना मी खोटी वेळ कशी सांगू? मी कधी पोचंल ते मलाच ठाऊक न्हाई. बाबांना असं पेटीत ठेवून आईला माझी वाट बघायला लावू नका. थांबू नका."

मी म्हणलं, नीट विचार कर.

ती म्हणली, "केला. आईकडं द्या फोन."

मायलेकींचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. वहिनींनी फोन माझ्याकडं दिला आणि होकाराची मान हलवली. मग मी अंगणात येऊन म्हणलो, निघूया. अंगणात त्या वेळी कुणी काही विचारलं नाही, आणि सुजाता काय म्हणली ते सांगायची ती वेळही नव्हती. आज आहे.

कारण ह्या गावात काय बोललं गेलं ते माझ्या कानावर आलंय. विमानातच नोकरी हाय, तरी बापाच्या मातीला आली न्हाई. तिला तर फुकट येता येतं, तरी आली न्हाई. पगाराची चटक लागलीय. बसस्थानकावर बसणाऱ्या माणसाला सगळं ऐकू येतं, निवृत्त झाला तरी.

फुकटाचा खुलासा मी करतो, कारण ते माझं खातं आहे. आम्हाला एसटीत पास असायचा. पण गाडी भरलेली असली तर? ज्यानं तिकीट काढलं तो बसतो, पासवाला उभा राहतो. हे तुम्ही डोळ्यांनी बघितलंय. विमानातही तसंच आहे. कंपनीच्या माणसाला जागा उरली तरच मिळते. फरक एवढाच, की विमानात उभं राहता येत नाही. आणि त्या दिवशी जागा तर सोडा, विमानच नव्हतं.

मग ती कशी आली? रात्री बंगळूरहून खासगी बस. मिळाली ती, शेवटच्या सीटवर. सकाळी हैदराबाद. तिथून नांदेडची गाडी. नांदेडहून आपली लाल एसटी. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ती ताडकळसच्या स्टँडवर उतरली. अंगावर कंपनीचाच ड्रेस होता, कपडे बदलायला खोलीवरही गेली नव्हती. माझ्या सगळ्या नोकरीत मी लय माणसं गाडीतून उतरताना बघितली. ते उतरणं मला विसरता येणार नाही. तिला घ्यायला स्टँडवर कोण होतं? मी होतो, आणि वहिनींची बहीण. बस.

मंडळी, मी सुद्धा तेच काम केलंय. गाडी बिघडते वर्कशॉपच्या चुकीनं, उशीर होतो रस्त्याच्या चुकीनं, आणि शिव्या खातो खिडकीत बसलेला माणूस. कधी येणार गाडी? येईलच. असं मी हजारदा म्हणलोय, ठाऊक नसताना. पण घरच्या माणसाशी तसं बोलायची पाळी माझ्यावर आली नाही. तिच्यावर आली, आणि ती खोटं बोलली नाही. उद्या सकाळी पोचते, थांबा, एवढं म्हणणं तिला लय सोपं होतं. आपण थांबलो असतो. ती पोचली नसतीच, दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर आपण तिच्या नावानं बोटं मोडत निघालो असतो. पण तिला बाप बघायची आशा तरी राहिली असती. तीही तिनं सोडली.

बळीरामभाऊ, तुम्ही रागावू नका. मी मुद्दाम तुमच्याकडं बघून बोलतोय. त्या दिवसापासून तुम्ही पुतणीशी बोलला नाहीत. परवा तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला तर तुम्ही तोंड फिरवलंत. ते मी बघितलं, आणि मला तुमचा राग आला नाही. तुम्हाला थांबायचं होतं. तिच्याचसाठी थांबायचं होतं. तुम्हाला वाटलं, मी हिच्यासाठी पेटी आणायला निघालो आणि हिला यायचंच नाही. कुणी तुम्हाला सांगितलंच नाही की तिनं काय सोसून ते म्हणलं. म्हणून आज सगळ्यांसमोर सांगितलं. घरात सांगितलं असतं तर घरातच राहिलं असतं, आणि बोल तर गावानं लावलाय.

दादारावांबद्दल अजून लय बोलता येईल. ते उधळे नव्हते, गोडबोले नव्हते, तिकीट महाग असलं तर महाग आहे असं तोंडावर सांगायचे. कितीतरी लेकरं त्यांनी घरी आणली. त्यांचं स्वतःचं लेकरू वेळेवर आलं नाही, ह्याचं मला दुःख आहे. फार आहे. पण दादाराव असते तर त्यांनी पोरीला का आली न्हाईस, असं विचारलं नसतं. आणि तुम्हालाही विचारू दिलं नसतं.

आता आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहणार आहोत. पण जरा दम धरा. अजून कुणी उठू नका.

सुजाता, तू तिकडं मागं, चपलांपाशी का उभी आहेस? पुढं ये.

बळीरामभाऊ, तुमच्या शेजारी जागा आहे. थोडं सरकाल का?

मंडळी, त्या दिवशी आपण तिच्यासाठी थांबलो नाही, कारण तिनंच तसं सांगितलं होतं. आज तिला विचारायचं नाही. ती पुढं येईपर्यंत मौन सुरू करायचं नाही. घाई कुणालाच नाही, मला तर नाहीच. बाया, वाट द्या तिला.

ये बाई. ये.

भाऊ... हां. धरा तिचा हात.

आता उठा सगळे. दादाराव, कंट्रोलरचा तुम्हाला शेवटचा जय भीम.