तीन वायरींची मोटर

भूमच्या स्टँडवर पुण्याच्या बसमधून उतरलेल्या लेकाला बापानं पिशवीतली, तळ्यातल्या माशांना हवा देणाऱ्या पंपाची जळकी मोटर दाखवली.

"आबा, म्या बॅटरी आन् मोटरीमधी कंट्रोलर जोडून दिलता. त्यो काढला कशाला?"

"नुसताच पीं-पीं वाजायला लागला. पंप फिरंना."

"बॅटरी उतरली की वाजतो त्यो!"

"मोटरीला तीन वायरी दिसल्या. म्हनलं, थ्री फेजच हाय. विहिरीच्या स्टार्टरला जोडली."

"बॅटरीवरची मोटर चारशे व्होल्टच्या स्टार्टरला? आबा!"

"आजवर तीन वायरींची कंची मोटर तिथं चालली न्हाय?"

"आन् तळ्यातले मासे? हवेबिगर मरतील की!"

"न्हाय मरत. तुझी माय सकाळधरनं घागरीनं वरनं पाणी ओततीय."

"एकटी? आन् तुमी इथं?"

"मोटर दुरुस्त करून आनतो, तवर हात थांबवू नको म्हनलंय तिला."