पेटीचा सूर न सोडल्याबाबत

जबाब. दि. १२ ऑक्टोबर १९८६, रविवार, सकाळी ९.४०.

मी, श्रीमती सुगंधा धोंडू राऊळ, वय अंदाजे ६८ वर्षे, धंदा घरकाम, पूर्वी परळला कापडगिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात कामाला, राहणार खोली नं. ३, तळमजला, भटवाडी, घाटकोपर पश्चिम. हे नाव कालपासून चार वेळा सांगून झाले. लिहिणारे साहेब दर वेळी विसरतात आणि विसरभोळी मला म्हणतात. हा कागद पुढे जे वाचतील तेही विसरतील, म्हणून पाचव्यांदा सांगते. सुगंधा.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर मुलगा विद्याधर व सून रत्नप्रभा यांच्यासह राहते. दोघे नोकरी करतात. सकाळी पावणेनऊला जातात, साडेसहाला येतात. मला लिहिता-वाचता येत नाही.

आमच्या मागच्या बाजूला बंद पडलेली पिठाची गिरणी आहे. तिथे मार्तंड, श्यामसुंदर व खंडू ही तीन पोरे गेल्या पावसाळ्यापासून वाजवतात. मार्तंडकडे विजेचे गिटार आहे, खंडूकडे दुसरे, जाड आवाजाचे. श्यामसुंदर ड्रम बडवतो. तिघांचे केस माझ्यापेक्षा लांब आहेत. त्यांचे एक गाणे पाऊण तास चालते. त्यात बोल नाहीत. एकच चाल, पुन्हा तीच, पुन्हा तीच. मधेच सूर पाण्यातून आल्यासारखा वाकतो, परत सरळ होतो.

पहिल्या दिवशी मी भांडायलाच गेले होते. मी म्हटले, "काय रे, पुढचं येत नाही का तुम्हाला?" मार्तंड म्हणाला, "आजी, पुढचं नाहीच आहे." मी म्हटले, "मग एवढा वेळ शोधताय काय?" तो हसला आणि म्हणाला, "बस ना, आजी. झकास वाटेल." मी पिठाच्या डब्यावर बसले. उठले तेव्हा चार वाजले होते.

मला त्याचा नाद लागला. कसा लागला असे विचारले, त्यावर सांगते की, वाइंडिंग खात्यात सव्वीस वर्षे मी असाच एक आवाज ऐकला. संपात परळची गिरणी बंद पडली. त्यानंतर घरात दिवसभर नळाशिवाय काही वाजत नाही.

पोरे घाई करत. मी त्यांना सांगितले, "धावू नका रे, शिफ्ट संपायला वेळ आहे." मग माझ्या नवऱ्याची भजनाची पेटी होती ती त्यांनी पुसून घेतली आणि मला दिली. डाव्या हाताने भाता, उजव्या हाताने एकच पट्टी दाबून धरायची. रोज अकरा ते चार. गांजाबद्दल विचारले. गांजा ओढणारी माणसे मी गावच्या भजनात पाहिली आहेत. ही पोरे चहासुद्धा एक कप तिघांत पितात.

घराबाहेर कशी पडत होते असे विचारले. दाराला बाहेरून कुलूप असते. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या जाळीला चार इस्क्रू आहेत. ते मी अडकित्त्याच्या टोकाने काढते, स्टुलावरून उतरते आणि चारनंतर येऊन परत लावते. मला कोणी बाहेर काढले नाही, कोणी नेले नाही. गिरणीच्या दाराला कडीसुद्धा नाही, तिथे दगड लावतात.

घराला कुलूप कोणी लावले असे विचारले. घरातल्या माणसाने काळजीपोटी लावले, असे लिहावे. एप्रिलमध्ये मी दूध आणायला गेले, बसची पाटी वाचता आली नाही आणि मुलुंडला पोचले. विद्याधर मला हुडकत चालत मुलुंडपर्यंत आला. त्याच्या चपलेचा अंगठा तुटला होता. दुसऱ्या दिवसापासून कुलूप आहे. लावले कोणी, नाव सांगा, असे पुन्हा विचारले. मी पाणी मागितले. पाणी मिळाले.

काल, शनिवारी, पोरे गाणे टेपवर भरून घेत वाजवत होती. चार वाजता खंडूने माझ्या हातातून पेटी घ्यायची असे ठरले होते. खंडूला मालकाने कामावर बोलावले म्हणून तो गेला, आला नाही. मी पट्टी धरून राहिले, सूर चालू म्हणून ते दोघेही वाजवत राहिले. विद्याधर काल लवकर घरी आला. कुलूप जागेवर, आई नाही, जाळी खाली पडलेली. त्याने इथे चौकीत येऊन आईला पळवले म्हणून तक्रार दिली. सव्वापाचला तो दोन शिपायांना घेऊन गिरणीत आला.

शिपाई म्हणाले, "आजी, उठा." मी म्हटले, "मला उठता येत नाही. मार्तंडने सोडायचं नाही म्हणून सांगितलंय." हे शब्द माझेच आहेत. नाकारत नाही. शिपायांनी ते लिहून घेतले आणि मार्तंड व श्यामसुंदर यांना उचलले. खंडू ऐकून आपल्या पायांनी आला, त्यालाही बसवले. रात्रभर तिघे आत आहेत.

त्या शब्दांचा अर्थ सांगते. आमच्या गावी देवळात सात दिवसांचा सप्ताह असतो. वीणा ज्याच्या गळ्यात आहे त्याने ती खाली ठेवायची नाही. दुसऱ्याने येऊन गळ्यात घेतली की मगच सुटका. माझा नवरा एकदा अंगात ताप असताना सकाळपर्यंत उभा राहिला, कारण पुढचा माणूस झोपून राहिला होता. मला वाटले, पेटीचेही तसेच. मार्तंडने फक्त गाण्यापुरते सांगितले होते. चूक माझी. साहेब म्हणाले, "आजी, ते देवाचं असतं." मी म्हटले, "मला सूर कळतो, साहेब, त्याचा मालक कोण ते कळत नाही."

मला कोणी कोंडले नाही. गिरणीत नाही.

साहेबांनी सांगितले की, तक्रारदाराने स्वतः आत येऊन गैरसमज झाला असे लिहून दिले तर पोरे दुपारपर्यंत सुटतील. विद्याधर सकाळी सातपासून बाहेरच्या बाकावर बसला आहे. आत आला तर त्यालाही कुलपाचे विचारतील, हे त्याला माहीत आहे. मी दोनदा दारात जाऊन आले. तो पायांकडे बघतो. मी म्हटले, "विद्या, चल, घटकाभराचं काम आहे." तो म्हणाला, "आई, तू घरी चल आधी." मी घरी गेलेली नाही. पोरे सुटेपर्यंत इथेच बसणार आहे, असे लिहावे.

वरचा सगळा मजकूर हवालदारांनी मोठ्याने वाचला. एके ठिकाणी 'नाद लागला'च्या जागी 'फूस लावली' लिहिले होते, ते मी खोडायला लावले. बाकी मी बोलले तसेच आहे, म्हणून डाव्या हाताचा अंगठा देते.

शाई पुसता पुसता सांगितले तेही लिहावे. घरी जाणाऱ्या शिपायाने भटवाडीत रत्नप्रभाला निरोप द्यावा: पाच माणसांचा डबा पाठव. तांदळाच्या भाकऱ्या, कुळथाची पिठी, आणि सुकट भाजून, कांदा वेगळा. मार्तंडला तिखट कमी. विद्याधरचा डबा आधी दे, बाकावर, त्याच्या हातात. तो उपाशी असला की हट्ट सोडत नाही, लहानपणापासूनचं आहे. भात नको पाठवू, पिठीत भाकरी बुडवून खाल्ली की तो उठतो.